सांधा

जुनी वस्तू ठेवावी की टाकावी हा प्रश्न, ज्याच्या घरात माळा आहे त्या कोणालाही नवा नाही. दिवाळीच्या आधीची आवराआवर म्हणजे तर या प्रश्नाची वार्षिक परीक्षाच असते. पण या प्रश्नाची आपली नेहमीची मांडणीच मला अपुरी वाटत आली आहे. वस्तू एकसंध असते, आणि ती एक तर जुनी असते किंवा नवी, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक वस्तू जोडलेल्या असतात, आणि त्यांचे भाग निरनिराळ्या वेगाने म्हातारे होतात. कुऱ्हाडीचा दांडा काही पावसाळ्यांत निकामी होतो. पाते दोन पिढ्या पुरते. पैठणीचे रेशीम घडीवर विरते. पण तिचे जरीचे काठ उसवून नव्या लुगड्याला लावता येतात. जात्याचा खुंटा मोडला तर दुसरा ठोकतात, आणि दगड गुळगुळीत झाले तर त्यांना टाकी लावून घेतात. या सर्व ठिकाणी 'ठेवावे की टाकावे' या प्रश्नाच्या आधी दुसरा एक प्रश्न उभा असतो. त्यातले काय ठेवायचे, आणि जे ठेवायचे ते बाकीच्यापासून सुटे होते काय? हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तो मी येथे एका आजच्या वस्तूच्या निमित्ताने विचारणार आहे. ती वस्तू म्हणजे कॅमेरा.

माझ्याजवळ निकॉनचा डी २०० हा डिजिटल कॅमेरा आहे. तो २००५ सालच्या अखेरीस बाजारात आला. डिजिटल वस्तूंच्या पंचांगाप्रमाणे तो आता वृद्धच म्हणायचा. त्याच्यापुढे मी ज्या लेन्स लावतो त्या मात्र त्याच्याहूनही जुन्या आहेत. २८, ५० आणि १०५ मिलिमीटरच्या अशा तीन लेन्स. तिन्ही फिल्मच्या काळातल्या, तिन्ही कडे हाताने फिरवून फोकस साधायच्या, आणि तिन्ही मुंबईच्या बोरा बझारातून जुन्या मालात घेतलेल्या. आता कॅमेरा बदलावा असे माझ्या मनात आहे, आणि लेन्स ठेवाव्यात असेही मनात आहे. अडचण अशी की, कॅमेरा बिघडलेला नाही. पहिल्या दिवशी तो जे करीत होता ते सारे आजही तितक्याच चोखपणे करतो. देवळाच्या गाभाऱ्यात समईच्या उजेडात, किंवा दिवेलागणीला माजघरात, जे चित्र हल्लीचे कॅमेरे सहज टिपतात तेथे त्याचे चित्र रवाळ येते, इतकेच. म्हणजे तो मागे पडला तो स्वतःच्या दोषाने नव्हे. जग पुढे गेले म्हणून. न बिघडलेल्या वस्तूला निवृत्त करण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, आणि तिच्याहून जुन्या वस्तूला त्याच वेळी मानाने ठेवून घेण्यात कोणता न्याय आहे?

छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या पेटीला 'बॉडी' म्हणतात. बॉडी बदलायची आणि लेन्स ठेवायची, हे वाक्य दुकानात सहज बोलले जाते. पण आपल्याकडच्या माणसाला ते ऐकताना गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. देह टाकायचा आणि देही पुढे न्यायचा! मग लेन्स हा कॅमेऱ्याचा आत्मा, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ हौशी मंडळी तसे म्हणतातही. हा मोह आवरला पाहिजे. आत्म्याला बुरशी लागत नाही, लेन्सला लागते. मुंबईच्या आणि कोकणपट्टीच्या हवेत जून ते सप्टेंबर हे चार महिने लेन्सचे वैरी असतात. बंद पिशवीत, अंधारात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे धागे पसरतात. त्यांतून पाझरणारे आम्ल काचेवरचा लेप खाते, आणि मग धागे पुसून काढले तरी त्यांचा डाग राहतो. उपाय सगळे घरगुतीच आहेत. डबा हवाबंद असावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात, मधूनमधून लेन्सला ऊन दाखवावे, आणि मुख्य म्हणजे ती वापरावी. पूर्वीच्या काही लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेले असे. पेन्टॅक्सची ताकुमार नावाची ५० मिलिमीटरची लेन्स त्यांपैकी एक. अशी काच वर्षांनुवर्षांनी पिवळी पडते, आणि काही दिवस उन्हात ठेवली की पुष्कळशी निवळते. गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी लेन्स वाळत घालणाऱ्या माणसाला शेजारी हसतील. पण जुने जपायचे म्हणजे ते कुलपात घालायचे नव्हे, एवढे तरी त्याला कळलेले असते. जे कुलपात जाते त्याला आमच्या हवेत बुरशीच लागते.

तेव्हा आत्मा आणि देह ही विभागणी येथे उपयोगी नाही. दोन्ही बाजू नाशवंत आहेत. फरक फक्त वेगाचा. याहून मला नागसेनाचा रथ अधिक जवळचा वाटतो. मिलिंद राजाला नागसेनाने विचारले की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे त्याचा आस काय, चाके काय, की जू? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. सगळे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले म्हणजे त्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो, एवढेच. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. नुसती लेन्स म्हणजे कागद जाळायचे भिंग. नुसती पेटी म्हणजे काळोख कोंडलेला डबा. मात्र नागसेनाच्या त्या यादीपाशी माझे मन थोडे अडखळते. यादीत आस येतो, चाके येतात. पण रथ चालतो तो चाक आसाला जेथे भेटते तेथे. तो सांधा ही काही वेगळी वस्तू नव्हे, म्हणून यादीत त्याला जागा मिळत नाही. पण चाक बदलता येईल की नाही, हे तोच ठरवतो.

कॅमेऱ्यात पेटी आणि लेन्स जेथे जुळतात त्या धातूच्या कड्याला इंग्रजीत माउंट म्हणतात. मी त्याला सांधाच म्हणतो. फिल्मच्या काळी कॅमेऱ्याला असे दोन सांधे होते. एक पुढे, लेन्ससाठी. दुसरा मागे, फिल्मसाठी. पेटी या दोहोंच्या मध्ये काळोख सांभाळून उभी असे. १९५९ साली निघालेल्या निकॉन एफ या कॅमेऱ्यात आजही आजची फिल्म भरता येते. कारण ३५ मिलिमीटर रुंदीची ती भोके पाडलेली पट्टी आपले माप सोडून गेली नाही. फिल्म सुधारली की जुन्या पेटीची दृष्टीही आपोआप सुधारे. तिला म्हातारपण येई ते तिचे स्वतःचे. कमान सैल होण्याचे, पडदा फाटण्याचे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला, आणि तो पेटीत कायमचा बसवला गेला. सोय फार झाली. पण मागचा सांधा बुजला. आता पेटीची कवची धडधाकट असो, पडदा अजून लाखभर वेळा उघडणारा असो, बटणे खणखणीत असोत. पोस्टाच्या तिकिटाएवढा सिलिकॉनचा तुकडा जुना झाला की त्या सर्वांना त्याच्याबरोबर सहगमन करावे लागते. माझा कॅमेरा वृद्ध झाला आणि त्याच्याहून जुन्या लेन्स तरुण राहिल्या, याचे इंगित एवढेच आहे. लेन्स अधिक गुणी होत्या म्हणून नव्हे, तर त्यांच्या बाजूचा सांधा उघडा राहिला म्हणून. जे टिकते ते थोर असते, असे आपण फार लवकर मानतो. कित्येकदा जे टिकते ते केवळ सुटे करता येण्यासारखे असते.

नव्या पेटीवर जुनी लेन्स चढवली की पहिली तक्रार ऐकू येते ती तिच्या दोषांची. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे १ कोटी बिंदूंचा. हल्लीच्या पेट्यांत अडीच कोटी, साडेचार कोटी आणि त्याहूनही अधिक बिंदू असतात. इतक्या बारीक चाळणीतून पाहिले की, जुन्या लेन्सच्या कोपऱ्यांतला मऊपणा, उजळ कडेवरची जांभळी झालर, सारे उघड होते. लोक म्हणतात, नव्या कॅमेऱ्याने जुन्या लेन्सचे पितळ उघडे पाडले. पण येथे जरा थांबून पाहावे. लेन्स काल होती तशीच आज आहे. वाढली आहे ती आपल्या पाहण्याची जवळीक. तेच चित्र पूर्वीच्याच आकाराच्या कागदावर छापून हातभर अंतरावरून पाहिले, तर ते पूर्वीपेक्षा वाईट दिसत नाही. झाले तर किंचित बरेच दिसते. पडद्यावर मोठे करून नाक लावून पाहिले तरच ते खाली उतरते. मागल्या पिढीच्या माणसांविषयी आपण असेच बोलत नाही काय? ज्या काटेकोरपणाची मोजपट्टी त्यांच्या हयातीत कोणाच्या हाती नव्हती ती लावून आपण त्यांचे कोपरे मऊ ठरवतो. मोजपट्टी खोटी असते असे नव्हे. ती खरीच असते, आणि तिने दाखवलेला दोषही खरा असतो. पण आपण किती जवळून पाहतो आहोत हे सांगितल्याशिवाय दिलेला निवाडा अपुरा असतो.

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक सुखाची आहे. माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या जागी २३.६ बाय १५.८. लेन्स मात्र पूर्ण चौकटीसाठी घडवलेली. त्यामुळे तिने आत आणलेल्या चित्राचा अर्ध्याहूनही कमी भाग आजवर उपयोगात येत होता. बाकीचा पेटीच्या काळ्या भिंतींवर पडून वाया जात होता. २८ ची लेन्स त्या पेटीवर ४२ च्या लेन्ससारखी अरुंद पाही. नवी, पूर्ण चौकटीची पेटी तिला तिच्या कडा परत देते. आणि गंमत अशी की, दोष असतात तेही त्या कडांनाच. पूर्णता आणि दोष एकाच दाराने आत येतात. जुन्या पेटीत लेन्स निर्दोष वाटत होती, कारण तिला अर्धेच बोलू दिले जात होते.

आणखी एक उदाहरण या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते. ५० मिलिमीटरच्या बहुतेक जुन्या लेन्सच्या आतली काचांची रचना ज्या कुळातली आहे, त्यातले एक मूळपुरुष म्हणता येईल असे भिंग जर्मनीत येना येथे पाउल रुडोल्फ याने झाइस कंपनीसाठी १८९६ साली आखले. त्याचे नाव प्लानार. सहा काचा, चार गटांत. म्हणजे हवा आणि काच यांच्या भेटीचे आठ पृष्ठभाग. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे शेकडा चार प्रकाश परततो. आठ पृष्ठभाग ओलांडताना पाव हिश्शाहून अधिक प्रकाश वाटेतच उडतो, आणि त्यातला काही आतल्या आत भटकून चित्रावर धुके पसरवतो. आखणी उत्तम, पण काळ अनुकूल नव्हता. कमी पृष्ठभागांची, साधी भिंगे तिच्या पुढे गेली. मग १९३५ साली त्याच कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला याने काचेवर अत्यंत पातळ लेप देऊन ते परावर्तन कमी करण्याची युक्ती काढली, आणि पुढच्या दशकांत प्लानारच्या कुळाला दिवस आले. जवळजवळ चाळीस वर्षे ती आखणी तिच्या बाहेरच्या एका शोधाची वाट पाहत होती. म्हणून, आज कुचकामी ठरलेले ते कायमचेच कुचकामी, असे म्हणताना जीभ जराशी आवरावी. नव्यामुळे जुने मरते हे आपण रोज पाहतो. नव्यामुळेच जुन्याचा गुण प्रथम प्रकट होतो, हे तितकेसे ध्यानात घेत नाही. हल्लीच्या कित्येक पेट्यांत सेन्सर स्वतः हलून हाताचा कंप सावरून घेतो. असा आधार चाळीस वर्षांच्या लेन्सलाही मिळतो. तिच्या कर्त्यांनी त्याची कल्पनाही केली नसेल.

आता वचनाचा प्रश्न. लेन्स विकत घेणारा माणूस नुसती काच घेत नाही. हा सांधा पुढेही राहील, असे एक न लिहिलेले आश्वासनही घेतो. निकॉनने १९५९ साली एफ सांध्याची मापे ठरवली: आतला व्यास ४४ मिलिमीटर, आणि कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५. २०२० साली आलेल्या डी ६ या कॅमेऱ्यापर्यंत ही मापे तशीच राहिली. कॅननने १९७१ साली एफडी नावाचा सांधा आणला, आणि १९८७ साली तो टाकून ईओएस कॅमेऱ्यांबरोबर अगदी निराळा सांधा आणला. त्याचा व्यास ५४ मिलिमीटर, आणि पेटी व लेन्स यांच्यामधला सारा व्यवहार विजेच्या टोकांवरून. एफडीचे अंतर ४२ होते, नव्याचे ४४. हे दोन मिलिमीटर दिसायला क्षुल्लक आहेत. पण लेन्स तेवढी दूर बसली की तिला दूरवरचा डोंगर स्पष्ट करता येत नाही; मध्ये आणखी काच घातल्याखेरीज ती फक्त जवळचेच पाहू शकते. दोन मिलिमीटरांत जुन्या ग्राहकांच्या कपाटभर लेन्स परक्या झाल्या, आणि ते रागावले.

वचन मोडणारा वाईट आणि पाळणारा चांगला, असा निकाल येथे सहज देता आला असता तर बरे झाले असते. पण कॅननचे कारण सबळ होते. प्रत्येक लेन्समध्ये तिची स्वतःची मोटर ठेवून आपोआप फोकस साधायचा, तर जुन्या कड्यावर ठिगळे लावण्यापेक्षा नवे कडे घडवणे शहाणपणाचे होते. रुंद तोंडामुळे १९८९ साली त्यांना एफ/१.० इतक्या उजळ डोळ्याची लेन्स विकता आली. पुढे खेळांच्या मैदानांच्या कडेला त्यांच्या पांढऱ्या लेन्सची रांग दिसू लागली. उलट निकॉनने शब्द पाळला, पण शब्दाचा अर्थ आकसत गेला. १९७७ साली लेन्सच्या कड्यातली खूण बदलली, आणि त्यापूर्वीच्या लेन्स कानशीने सुधारून घ्याव्या लागल्या. २००६ च्या डी ४० पासून स्वस्त पेट्यांतून फोकसची मोटर गेली. जुनी लेन्स त्यांवर बसे, पण स्वतः फोकस साधत नसे. ४४ मिलिमीटरचे ते तोंड उजळ लेन्स घडवणाऱ्यांना शेवटपर्यंत अरुंद पडत राहिले. २०१८ साली ५५ मिलिमीटरचा झेड सांधा आला, आणि पुढच्याच वर्षी निकॉनची एफ/०.९५ ची लेन्सही आली. निष्ठेची किंमत असते, आणि ती पुष्कळदा जे अजून जन्मले नाहीत त्यांच्याकडून वसूल होते. हे मान्य केल्यावाचून निष्ठेची स्तुती करणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म करणे होय.

पण गोष्ट येथे संपत नाही. २००८ साली पॅनासॉनिकचा जी १ हा आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा आला. आत आरसा हलायचा नाही म्हटल्यावर लेन्सचे कडे सेन्सरच्या पुष्कळ जवळ आणता आले. २०१३ साली सोनीने पूर्ण चौकटीचा ए ७ काढला. त्याचे अंतर अवघे १८ मिलिमीटर. निकॉनच्या झेडचे १६, कॅननच्या आरएफचे २०. अंतर कमी झाले म्हणजे जुन्या लेन्ससाठी मध्ये मोकळी जागा उरली. ४६.५ मधून १६ गेले की ३०.५ मिलिमीटर उरतात. तेवढ्या लांबीची एक नळी मध्ये घातली की जुनी एफ लेन्स नव्या पेटीवर आपल्या हक्काच्या अंतरावर उभी राहते. या नळीला अडॅप्टर म्हणतात. साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, यंत्र नसते, काही नसते. दोन्ही तोंडांना दोन निराळ्या घराण्यांची कडी, आणि मध्ये पोकळी. या पोकळीतून १९८७ साली पोरक्या झालेल्या एफडी लेन्स पुन्हा दूरचा डोंगर पाहू लागल्या. ज्याने वचन मोडले त्याने ते फेडले नाही. ज्यांनी कधी वचन दिलेच नव्हते अशांनी, केवळ आपली बाजू थोडी मागे घेऊन, ते फेडले. जुन्याला सामावून घेण्यासाठी नव्याने जुन्यासारखे व्हावे लागत नाही; जागा सोडावी लागते. पाहुण्याची सोय यजमानाच्या सामानावर अवलंबून नसते, त्याच्या घरात रिकामा कोपरा आहे की नाही यावर असते.

येथेही एक चटका लावणारा अपवाद आहे. निकॉनच्या स्वतःच्या अडॅप्टरवर हाताने फिरवायची माझी लेन्स सुखाने काम करते. तिला कोणाची मदत कधी लागतच नव्हती. पण तिच्यानंतरच्या पिढीची, पेटीतल्या मोटरवर विसंबून फोकस साधणारी लेन्स तेथे लुळी पडते. तीही मग हातानेच फिरवावी लागते. स्थित्यंतरात अगदी जुने टिकते आणि अगदी नवे टिकते. हाल होतात ते मधल्या पिढीचे, जिने अर्धे सामर्थ्य दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले असते.

हे सारे लेन्सपुरतेच असते तर एवढा कागद खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण आपल्या भाषेच्या घरातही असे दोन सांधे आहेत, एक राखलेला आणि एक तुटलेला. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम शासनाने मान्य केले, आणि व्युत्पत्तीवरून दिले जाणारे कितीतरी अनुस्वार गेले. त्या वेळी हळहळणारे पुष्कळ होते. पण १९४० सालचे पुस्तक आजचा शाळकरी मुलगाही वाचतो. ती टिंबे पाहून तो क्षणभर थबकतो, एवढेच. सांधा राहिला. मोडीचे तसे झाले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जात असे. छपाईला बालबोध सोयीची, आणि एकाच भाषेसाठी दोन लिप्या मुलांच्या डोक्यावर कशाला, हे कारण कॅननच्या कारणाइतकेच सबळ होते. मोडी गेली याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते मधली नळी कोणी मनावर घेऊन घडवली नाही याचे. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत, आणि ते सोडून वाचू शकणारी माणसे थोडी. कितीतरी घरांतल्या ट्रंकांत पणजोबांची पत्रे, जमिनीचे कागद, बाळंतपणाच्या औषधांच्या वह्या आहेत. भाषा आपलीच, अक्षर मात्र परके. तेथे बदल दोन मिलिमीटरांचाच होता. लिपी बदलणे हे पाप नव्हे. पण बदलताना प्रत्येक पिढीतल्या काही जणांना तरी दोन्ही बाजू जोडता येतील अशी तजवीज न करणे, याला मात्र मी नीतीचाच दोष म्हणेन. कारण त्यात नुकसान होते ते, ज्यांना आपली बाजू मांडता येत नाही अशा दोघांचे: जे गेले त्यांचे, आणि जे यायचे आहेत त्यांचे.

तेव्हा माझ्यापुरता निष्कर्ष असा. जुन्याविषयीचे आपले कर्तव्य म्हणजे ते आहे तसे चालू ठेवणे नव्हे. आणि नव्याचा हक्क म्हणजे जुने पुसून टाकणेही नव्हे. नवे घडवणाऱ्याने सांधा कोठे ठेवायचा याचा विचार करावा, म्हणजे जे लवकर मरायचे आहे ते पुष्कळ जगणाऱ्याला आपल्याबरोबर नेणार नाही. त्याने आपली मापे लपवू नयेत; कारण मापे ठाऊक असतील तर उद्याचा कोणी अनोळखी कारागीर मधली नळी घडवील. आणि जुने बाळगणाऱ्याने ते वापरावे, त्याला ऊन दाखवावे, त्याचे दोष कबूल करावेत, आणि सबंध नव्या जगाने आपल्या ४४ मिलिमीटरांत मावावे असा हट्ट धरू नये. यात भावनेला जागा नाही असे नाही. पण भावना पुरेशी नाही. भावनेने वस्तू माळ्यावर जाते. हातात राहते ती सांध्याने.

मी नवी पेटी घेणार आहे, आणि तिन्ही लेन्स ठेवणार आहे. राहता राहिला तो जुना, न बिघडलेला कॅमेरा. दुकानदार तो मोडीच्या भावाने घेईल, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच्या पुढचा सांधा अजून शाबूत आहे, आणि बोरा बझारात त्याला बसणाऱ्या लेन्स अजून स्वस्तात मिळतात. एखाद्या शिकणाऱ्या मुलाला तो द्यावा, असे माझ्या मनात आहे. दिवसाउजेडी तो अजूनही उत्तम पाहतो, आणि शिकणाऱ्याने सुरुवात दिवसाउजेडीच करावी.